नावाआधीचा ठिपका

बाबुरावांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला, कागद दोनदा वरून खाली वाचला आणि मोठ्यानं विचारलं, "वैशाले, मी कधी मेलो गं?"

वैशाली ओट्याशी कणीक मळत होती. गुरुवार होता, संध्याकाळचे साडेसात वाजले होते. "काहीतरीच काय बोलता, बाबा?"

"मी नाही बोलत, तुझी यादी बोलतेय. हयात आठ जण. मंजुळा आहे, सगुणा आहे, तो भांडखोर वामनसुद्धा आहे. मीच तेवढा नाही."

कणकेचे हात तसेच ठेवून ती बाहेर आली आणि तिनं कागदात डोकं घातलं. खरंच, बाबुराव नव्हते. नऊ नावं हवी होती, तिथं आठ होती. रविवारी आंबिवलीच्या हॉलमध्ये कारखान्याच्या रंगखात्यातल्या जुन्या कामगारांचा मेळावा होता आणि तिथं ही यादी वाचली जायची. ज्याचं नाव पुकारलं जाईल त्यानं उभं राहून "हजर" म्हणायचं, अशी रीत होती. कारखाना बंद होऊन वर्षं लोटली, शेड पाडून जागा सपाट केली, तरी या म्हाताऱ्यांची हजेरी काही सुटली नव्हती. बाबुराव तर अजून पहाटेच उठून पावणेसातला तयार बसत. कान भोंग्याची वाट बघतात, म्हणत.

"बघते रात्री जेवण झाल्यावर," ती म्हणाली. "चूक असेल काहीतरी. तुम्ही एवढे धडधाकट समोर बसलाय."

"तेच म्हणतो मी. मेलेला माणूस भाकरी मागतो का कधी?"

आता ही यादी कशी तयार व्हायची ते सांगायला हवं, कारण सगळी मेख तिथंच आहे. आणि ते सांगायचं तर आधी काळुराम.

काळुराम म्हणजे रंगखात्याचा टाइमकीपर. पस्तीस वर्षं त्यानं गेटावर हजेरी घेतली. माणूस इतका कडक की सात वाजून एका मिनिटानं आलेल्या सख्ख्या मेव्हण्याला त्यानं परत पाठवलं होतं. एकाच्या नावानं दुसऱ्यानं "हजर" म्हणायचं, ही चोरी सगळ्या कारखान्यात चालायची. काळुरामच्या गेटावर तेवढी चालली नाही. एकदाच चालली. वैशाली जन्मली त्या दिवशी बाबुराव दवाखान्यात अडकलेले. त्या दिवशी काळुरामनं हजेरीत बाबुरावांचं नाव स्वतःच पुकारलं, आणि कोणी ओ देत नाही म्हटल्यावर खाली मान घालून स्वतःच "हजर" म्हणाला. तीसेक माणसं उभी होती. एकानंही चकार शब्द काढला नाही. ही गोष्ट बाबुराव वर्षातून चार वेळा तरी सांगत, आणि दर वेळी त्यांचा आवाज भरून येई.

काळुरामच्या रजिस्टरात मेलेल्या माणसाचं नाव खोडलेलं नसे. "खोडायला तो काय चोर होता?" असं त्याचं म्हणणं. नावाच्या आधी तो शाईचा एक ठिपका द्यायचा, बस. ठिपका दिसला की ते नाव पुकारायचं नाही.

वैशाली ठाण्यात टेंभी नाक्याजवळ एका छोट्या ऑफिसात कामाला होती. जुने कागद, नोंदवह्या, नकाशे संगणकावर चढवून द्यायचे, हा तिथला धंदा. सर्व्हर सांभाळायचं काम तिचं. तीन वर्षांपूर्वी बाबांच्या आग्रहाखातर तिनं रंगखात्याचं रजिस्टरही फुकटात करून दिलं. टाइप करायला रवींद्र होता. तो गुणी माणूस, पण डोळ्यांना दिसेल तेच टाइप करणारा. कागदावर माशी मेलेली असली तर तीही टाइप करेल. त्यानं एकेका माणसाची एकेक फाइल केली आणि फाइलला रजिस्टरातलं नाव दिलं, ठिपक्यासकट.

आता त्या सर्व्हरवर चालणाऱ्या लिनक्सची गंमत अशी, की ज्या फाइलच्या नावाआधी टिंब असतं ती फाइल लपलेली धरली जाते. फोल्डरमध्ये असते, पण दिसत नाही. आणि स्टार, म्हणजे * हे चिन्ह दिलं की शेल, म्हणजे आपले हुकूम वाचून पाळणारा लिनक्सचा प्रोग्रॅम, 'इथले सगळे या' असं समजतं आणि एकेक नाव वर्णक्रमानं पुढं उभं करतं. टिंबवाल्यांना मात्र ते हाक मारत नाही. रवींद्रनं टाइप केलेल्या दोनशे अठरा मेलेल्या माणसांना शेलनं आपोआप वगळलं होतं. चूक झाली होती, पण काळुरामच्या मनासारखी. वैशालीला हसूच आलं होतं. तिनं तसंच ठेवलं.

काळुराम दर शनिवारी तपासायला ऑफिसात यायचा. खुर्चीवर ताठ बसायचा, चहाला नको म्हणायचा आणि मग दोन कप प्यायचा. त्याच्यासाठी तिनं सर्व्हरवर एक खातंही उघडून दिलं होतं. यादी वर्षातून एकदा काढायची, हे त्याला मुळीच पटलं नाही.

"हजेरी रोजची असते, पोरी. वर्षातून एकदा भरते ती जत्रा."

म्हणून तिनं चार ओळींचं एक काम लावून दिलं. रोज सकाळी सात वाजता ते आपणहून चालायचं, स्टारनं नावं उभी करायचं आणि हजेरीच्या फाइलमध्ये तारीख घालून लिहून ठेवायचं. पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा तिनं चुकून रिकामा फोल्डर दिला. हजेरीत एकच ओळ उमटली. त्यात नुसतं * होतं.

"हा कोण?" काळुरामनं विचारलं.

"कोणी नाही, काका. फोल्डरमध्ये कोणीच सापडलं नाही ना, की शेल त्या स्टारलाच नाव समजून पुकारतं. त्याची खोडच आहे तशी."

"म्हणजे गेटावर एकही माणूस नसला तरी हाक जाणारच."

"जाणार."

"आणि कोणी ओ दिली तर?"

ती हसली होती. तो हसला नव्हता. गेल्या फेब्रुवारीत काळुराम गेला. वैशालीनं त्याच्या नावाआधी ठिपका दिला, त्याचं खातं पुसून टाकलं आणि त्या दिवशी ऑफिसच्या संडासात जाऊन थोडी रडली.

तर गुरुवारी जेवणं झाल्यावर तिनं घरूनच सर्व्हर उघडला. काखेत कळसा नि गावाला वळसा. बाबांची फाइल जागच्या जागी होती. फक्त नावाआधी टिंब होतं.

"रवींद्रनं तुम्हाला स्वर्गात पाठवलंय," तिनं बाबांना सांगितलं.

"त्याला म्हणावं, परतीचं तिकीटही काढ."

तिनं टिंब काढलं, यादी पुन्हा छापली. नऊ नावं आली आणि सगळ्यात वर बाबुराव. बाबांनी यादी फ्रीजवर चुंबकाखाली लावली. विषय संपला.

शुक्रवारी ऑफिसात गेल्यावर तिनं सहज बघितलं, तर टिंब परत होतं.

तिनं रवींद्रला फैलावर घेतलं. त्याचा चेहरा पडला. "मी कशाला हात लावू, मॅडम? ते फोल्डर मी तीन वर्षांत उघडलेलं नाही. आईशप्पथ."

फाइलचा मालक कोण ते तिनं बघितलं. लिनक्समध्ये प्रत्येक फाइलपुढं मालकाचं नाव असतं. फोल्डरमधल्या सगळ्या फायलींपुढं रवींद्र होता. बाबांच्या फाइलपुढं नाव नव्हतं, आकडा होता. 1007.

खातं पुसून टाकलं की असं होतं, हे तिला ठाऊक होतं. माणसाचं नाव जातं, त्याचा नंबर मागं राहतो. काळुरामचा नंबर 1007 होता. पण नुसतं नाव बदललं म्हणून मालक बदलत नाही, आणि बंद झालेल्या खात्यातून कोणाला आत येता येत नाही. कोणीतरी चेष्टा करतंय, या विचारानं तिचं डोकं तापलं. मेलेल्या माणसाच्या नावावर चेष्टा! तिनं टिंब काढलं, आणि पुन्हा कोणी हात लावू नये म्हणून फोल्डरला कुलूपच घातलं. म्हणजे तिच्याखेरीज कोणालाच आतलं एकही नाव बदलता येणार नाही, असं करून टाकलं. आता बघते कोण येतो ते, म्हणाली.

शनिवारी सुट्टी होती. बाबुराव सकाळी आठ वाजता खिडकीत बसून चहा पीत होते. वैशाली लॅपटॉप घेऊन त्यांच्या समोर बसली. टिंब नेमकं कुठल्या दिवशी लागलं ते शोधायचं, म्हणजे चेष्टा करणारा सापडेल, असा तिचा हिशेब. त्यासाठी तिनं रोजच्या हजेरीची फाइल उघडली. ती फाइल आजवर कोणीच वाचलेली नव्हती. रोजची हजेरी कोण वाचतो?

तारखा होत्या, तारखांखाली नावं होती. फेब्रुवारीत, काळुराम गेल्यावर, चौदा नावं. अर्जुन, उत्तम, गणपत, जाईबाई, बबन, बाबुराव, मंजुळा, अशी खाली सगुणापर्यंत. रोज तीच. ती भराभर खाली जात होती आणि मार्चमध्ये थांबली.

अकरा मार्च. सगळ्यात वर: अर्जुन. आणि त्याच्यापुढं, त्याच ओळीत: हजर.

तिनं लावलेल्या कामात 'हजर' हा शब्द नव्हता. चार ओळी होत्या, तिला तोंडपाठ होत्या. ते काम नाव लिहायचं, दुसरं काही लिहायचं नाही.

अर्जुनकाका अकरा मार्चला गेले होते. ती मयताला गेलेली, आणि त्याच रात्री तिनं त्यांच्या नावाआधी ठिपका दिला होता, पुढं गेलेल्या प्रत्येकाला दिला तसाच.

बारा मार्चपासून वरचं नाव उत्तम. एप्रिलच्या एकोणतीस तारखेला उत्तमपुढं हजर. मग गणपत वर आला, जूनमध्ये तो हजर. मग जाईबाई. ज्या दिवशी जाईबाई गेली त्या दिवशी धो धो पाऊस होता आणि सरण पेटेना, हे वैशालीला आठवलं. हजेरीत त्या तारखेला जाईबाईपुढं तो शब्द होता. शेवटी बबन, खडवलीचा, अकरा दिवसांपूर्वी.

दर वेळी सगळ्यात वरचं नाव. बाकी कोणीही नाही. सकाळी सातला हजर, आणि दिवस मावळायच्या आत गेलेला.

एवढी शिकलेली मुलगी, आकड्यांशिवाय कशावर विश्वास न ठेवणारी. पण आता आकडेच समोर होते. बबनच्या मरणाच्या दुसऱ्या दिवशी वरचं नाव बाबुराव असायला हवं होतं. नव्हतं. थेट मंजुळा होतं. म्हणजे ते टिंब बबन गेला त्याच दिवशी लागलं होतं. बाबांची पाळी यायच्या आधी.

चेष्टा कसली! कोणीतरी बाबांना मेलेल्यांच्या गर्दीत लपवून ठेवलं होतं, की हाक गेली तर त्यांच्यापर्यंत जाऊ नये. आणि तिनं त्यांना हाताला धरून बाहेर काढलं होतं. एकदा नाही, दोनदा. वर फोल्डरला कुलूप घातलं होतं, की लपवणाऱ्यालाही आत येता येऊ नये. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याहून वेगळं काय असतं?

तिनं फाइलच्या अगदी शेवटी जाऊन बघितलं. आजची तारीख, सात वाजता. सगळ्यात वर: बाबुराव.

पुढं काही नव्हतं. ओळ तिथंच संपली होती.

"काय गं?" बाबुराव म्हणाले. "तोंड का असं झालं?"

ती उठली आणि त्यांच्या मनगटाला हात लावून बघितला. गरम होतं. चहाच्या कपानं गरम झालं असेल, पण गरम होतं. मग तिनं काही न लपवता सगळं सांगितलं. लपवाछपवी त्या घरात नव्हतीच. आई गेल्यापासून दोघंच होते, आणि दोघांत कसलं काय लपवणार?

बाबुरावांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मधे एकदाच बोलले. "बबनच्या मयताहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी भोंगा ऐकला, तुला सांगितलं होतं. खडवलीच्या बाजूनं. तू म्हणालीस, मालगाडी असेल."

"हो."

"कालही ऐकला. या खेपेला आणखी जवळ, टिटवाळ्याच्या अलीकडे असेल."

तिची बोटं चालली होती. आधी तिनं रोजचं काम काढून टाकलं, म्हणजे सातची हजेरीच बंद. पण तेवढ्यानं तिला चैन पडेना. 'हजर' हा शब्द त्या कामानं लिहिलेलाच नव्हता, तर काम काढून तो थांबेल कसा? मग तिनं बाबांच्या नावाआधी टिंब दिलं. दिल्यावर डोळे पुसले.

"लपलो का मी?" बाबुरावांनी विचारलं.

"लपलात."

"आता वर कोण आहे?"

तिची बोटं थांबली. वर मंजुळाबाई होती. पलीकडच्या चाळीतली मंजुळाबाई, जी लहानपणी वैशालीला आपल्या डब्यातली सुकटीची चटणी देऊन वर "आईला सांगू नको गं, पाणी पिऊन घे" म्हणायची. तीन नातवंडं सांभाळायची अजून.

"काळूनं मला लपवलं, त्याचं माझं तसं होतं," बाबुराव हळू म्हणाले. "पण म्हणून मी इथं चहा पीत बसू आणि माझ्या जागी मंजुळाला जाऊ देऊ? मला नाही जमायचं ते, पोरी. त्यापेक्षा काढ तो ठिपका."

"नाही काढणार."

"वैशाली."

"नाही काढणार म्हणते ना! गप्प बसा तुम्ही." ती ओरडली, आणि मग तिचा आवाज खाली आला. "सगळ्यांनाच देते. एकालाही बाहेर ठेवत नाही."

तिनं नऊच्या नऊ नावांना टिंब दिलं. मंजुळा, सगुणा, भांडखोर वामन, सगळे. प्रत्येक टिंब देताना बाबुराव ते नाव मोठ्यानं म्हणत होते, जसं काही बसमध्ये एकेकाला हात देऊन चढवत होते. फोल्डरचं कुलूपही तिनं काढून टाकलं. काळूकाकांना यायचं असलं तर दार उघडं असावं, हा विचार आपल्याच डोक्यात आला याचं तिला नवल वाटलं नाही.

शेवटी तिनं नोंद ठेवली. एखाददुसऱ्या टिंबासाठी ती कधी ठेवत नसे, पण आज नऊच्या नऊ नावं बदलली होती. त्यांच्या ऑफिसचा नियमच होता तो. ज्यानं फोल्डरमधलं काही बदललं, त्यानं तिथंच आपल्या नावाची एक फाइल करायची आणि काय बदललं ते दोन ओळींत लिहायचं. आठ वर्षांत तिनं ते इतक्यांदा केलं होतं की हात आपोआप चालायचा. फाइल केली, दोन ओळी लिहिल्या, लॅपटॉप मिटला.

दुपारी दोघं मंजुळाबाईकडे जाऊन आले. ती ठणठणीत होती. नातवाला झोडपत होती. "जय भीम, बाबुराव! आज कशी वाट चुकली?" असं म्हणाली आणि जबरदस्तीनं पोहे खायला घातले. वैशालीनं ते पोहे चवीनं खाल्ले. उद्या मेळाव्यात यादीवर एकही नाव नसेल, तेव्हा काय पुकारायचं, एवढाच प्रश्न तिला त्या वेळी पडला होता.

रविवारी तिला सहालाच जाग आली. उजाडलं होतं. बाबुराव मोरीत दाढी करत होते, ब्रशचा वाटीवर टकटक आवाज येत होता. बुद्धाच्या तसबिरीपुढं त्यांनी लावलेली अगरबत्ती जळत होती. तिनं चहा टाकला. आलं किसलं. रेडिओवर बातम्या लागल्या, म्हणजे पावणेसात झाले असणार.

बाबा शिट्टी वाजवत होते. त्यांना काही होत नव्हतं. होणारही नव्हतं, नऊच्या नऊ नावं ठिपक्याआड होती. फोल्डरमध्ये बाहेर उभं असलेलं एकही नाव नव्हतं.

साखरेचा चमचा तिच्या हातात तसाच राहिला.

एक होतं.

वैशाली.

तिनं स्वतःच्या हातानं केलेली फाइल, स्वतःच्या नावाची, टिंबाशिवाय. स्टारनं 'सगळे या' म्हटलं तर तिथं आता एकच जण पुढं येणार होतं. आणि एकटं असलेलं नाव सगळ्यात वरचंच असतं.

तिनं गॅस बंद केला की नाही ते तिला नंतर आठवलं नाही. लॅपटॉप उघडला. सहा छप्पन. नेट लागेना. गोल फिरत राहिलं. सहा सत्तावन्न. मोबाइलवरून जोडलं. पासवर्ड चुकला. पुन्हा घातला. पुन्हा चुकला.

मोरीतली शिट्टी थांबली होती.

सहा एकोणसाठ.

आत शिरली. सर्व्हर ओळखीचा काळा पडदा दाखवून थांबला. तिनं बाबांची आठवण काढली, मग आईची.

सात.

लांबून काहीतरी वाजलं, किंवा तिच्या कानात वाजलं. तिनं श्वास धरला. काही झालं नाही. छाती धडधडत होती, म्हणजे चालू होती.

तिनं हजेरीची फाइल उघडली. काम तर तिनं काल काढून टाकलं होतं. तरी फाइलच्या तळाशी आजची तारीख होती, सात वाजताची. खाली एकच ओळ होती.

*   हजर

ती त्या ओळीकडे बघत राहिली. स्टार नुसताच उभा होता, म्हणजे शेलला एकही नाव सापडलं नव्हतं. म्हणजे तिचंही सापडलं नव्हतं.

तिनं लपलेल्या फायली बघितल्या. मेलेल्यांच्या, जिवंतांच्या, त्या लांब यादीत अगदी शेवटी-शेवटी तिची फाइल होती. नावाआधी टिंब होतं. तिनं दिलेलं नव्हतं. वेळ सहा एकोणसाठ. मालकाच्या जागी 1007.

"काका," ती एवढंच म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

बऱ्याच वेळानं तिला बाबांची आठवण झाली. ते मोरीत नव्हते. ती बाहेर आली. दार सताड उघडं होतं आणि बाबुराव उंबऱ्यावर उभे होते. अर्ध्या गालावर साबण तसाच होता. पायात चपला होत्या. हातात त्यांचा जुना पितळी डबा होता, जो पंधरा वर्षं माळ्यावर पडून होता.

"बाबा? कुठं निघालात?"

ते वळले. डब्याकडे बघून त्यांनाच नवल वाटलेलं दिसलं.

"भोंगा झाला ना," ते म्हणाले. "आज आपल्या गल्लीच्या तोंडाशी वाजला गं. मग कोणीतरी पुकारलं. नाव कुणाचंच घेतलं नाही, नुसती हाक. मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या आधीच कोणीतरी 'हजर' म्हणालं."